बारदानाचा झोका

मुकादम गोदामाच्या पायरीवर उभा राहून बोलला, तेव्हा बायका नेहमीसारख्या ढिगात बसून फाटकी पोती शिवत होत्या. कुणाचाही हात थांबला नाही.

"यंदा पिकानं दगा दिलाय, हे मी सांगायला नको. माल नाही म्हणजे पोती नाहीत, आणि पोती नाहीत तर शिवायला एवढ्या बायका कशाला? उद्यापासून एका घरातली एकच बाई. कुणी यायचं ते घरी जाऊन ठरवा, माझ्या डोक्याला ताप नको."

"मी येईन," थोरली तिथल्या तिथे म्हणाली.

शेजारी तिची धाकटी जाऊ बसली होती. तिनं मान वर केली, थोरलीकडे पाहिलं आणि दाभणात सुतळी ओवता ओवता म्हणाली, "बरं."

एवढंच. वाद नाही की रुसवा नाही. थोरलीला वाटलं, आपण जिंकलो. आणि का वाटू नये? बारा वर्षं ती या गोदामात पोती शिवत होती. तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला दाभणानं घट्टा पडला होता. धाकटीला येऊन दोन वर्षंही झाली नव्हती, आणि तिचे टाके असे नाजूक की मुकादम म्हणायचा, "बाई गं, रुमालावर फुलं काढायची नाहीयेत, यात धान्य भरायचंय."

शिवाय थोरलीची गाठ. त्या गोदामात प्रत्येक बाईची गाठ वेगळी असायची. हमालाच्या पाठीवर पोतं फुटलं की मुकादम आधी शिवणीचं टोक बघायचा आणि जिची गाठ तिच्या नावानं शंख करायचा. थोरलीची गाठ लांबूनही ओळखू यायची. दोन वेढे, मग टोक उलटं आत घ्यायचं, दातात धरून ओढायचं आणि उरलेलं शेपूट शिवणीत लपवायचं. बारा वर्षांत ती गाठ सुटल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. हमाल तिची पोती आधी उचलायचे, आणि त्या हमालांत तिचा नवराही होता. पण घरी येऊन तो हे कधी बोलला असेल तर शपथ.

धाकटीचा नवरा रस्त्याच्या कामावर लांब गेला होता, चार महिने यायचा नव्हता. म्हणजे धाकटी घरी, म्हातारी सासू घरी आणि शाळेतून आल्यावर थोरलीची नऊ वर्षांची पोर घरी. पोरीला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण तिचा पाय जागेवर ठरत नसे.

"तुझं लक्ष राहील ना गं पोरीकडे?" थोरलीनं पहिल्या दिवशी निघताना विचारलं.

"राहील की, जाऊबाई. तुम्ही निवांत जा."

थोरली निवांत गेली. हाच तिचा पहिला निवांतपणा आणि हाच शेवटचा.

गोदामात एक पद्धत होती. जे पोतं शिवण्याच्याही पलीकडे गेलं, ते शिवणारीनं घरी न्यायचं. इतकी वर्षं थोरली ती पोती डोक्यावर घालून आणायची आणि ती चुलीपुढे बसायला, ओल्या लाकडांवर टाकायला कामी यायची. पोतं ते पोतं, त्याचं आणखी काय करायचं असतं?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली. केसांत धूळ, नाकात धूळ, कंबर मोडून गेलेली. उंबऱ्यात पाय टाकणार, तोच आतून भिंगरी ओरडली, "आई, थांब! पाय पूस आधी!"

दारात एक पायपुसणं पडलं होतं. बारदानाच्या पट्ट्या वेणीसारख्या विणून गोल गोल शिवलेल्या, आणि कडेनं लाल किनार. ती लाल किनार थोरलीनं ओळखली. नवऱ्याचा जुना मफलर होता तो.

"काकूनं केलंय," भिंगरी म्हणाली. "मी पट्ट्या कापल्या. असं नाही गं आई, दोन्ही पाय पूस."

थोरलीनं स्वतःच्या घरात शिरायला दोन्ही पाय पुसले. बाहेरच्या पाहुण्यासारखी उभी राहून पुसले.

मग रोज काही ना काही निघायला लागलं. खिडकीला पडदा आला, त्याला खालून दोऱ्यांची झालर. रिकाम्या डब्याला सुतळी गुंडाळून चमचे ठेवायची सोय झाली. चिंध्या भरून म्हातारीच्या पाठीला उशी झाली. जुन्या पॅंटचे पाय कापून भिंतीवर कप्पे लटकले आणि त्यांत कंगवा, कात्री, औषधाची बाटली असं सगळं जागच्या जागी जाऊन बसलं. बारदान कोण आणत होतं? थोरली. डोक्यावर घालून, मान अवघडून. आणि कौतुक कुणाचं? तिचं, घरात सावलीत बसणारीचं.

"हाताला कला आहे हो पोरीच्या," म्हातारी उशीला टेकून म्हणायची. "काही जणींच्या हाताला नुसतं बळ असतं."

नवरा जेवायला बसला की इकडेतिकडे बघायचा. एकदा म्हणाला, "घर कसं आता घरासारखं दिसतंय."

"इतके दिवस काय गोठ्यासारखं दिसत होतं?"

"तसं नाही गं म्हटलं मी."

"तसंच म्हटलंत. जेवा."

तो गुपचूप जेवला. थोरलीला मात्र घास उतरेना. भिंतीवरचे कप्पे समोर दिसत होते आणि ते खरंच छान होते. वाईट असते तर बरं झालं असतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण जळणाऱ्याला एवढंच कळतं की जळतंय. काय करावं ते कुठं कळतं?

सगळ्यांवर कडी केली ती दप्तरानं. धाकटीनं भिंगरीला बारदानाचं दप्तर केलं. आतून मऊ कापड लावलं, पुढे खिसा काढला, झाकणाला मोठं हिरवं बटण बसवलं. शाळेत चार पोरींनी तसंच हवं म्हणून रडून गोंधळ घातला. भिंगरी ते पाठीला लावूनच जेवायला बसायला लागली.

थोरलीनं बटण बोटात धरून पाहिलं. "हे माझ्या स्वेटरचं आहे."

"स्वेटर विरलाय, जाऊबाई. बटण नुसतंच डब्यात पडलं होतं."

"पडलं होतं म्हणून काय माझं नव्हतं?"

"काढू का?" धाकटीनं खरोखरच कात्री उचलली.

"नको!" भिंगरी दप्तर छातीशी धरून मागे सरली. आईकडे तिनं असं पाहिलं की थोरलीला वाटलं, आपण चोरीच करायला आलोय.

"राहू दे," ती म्हणाली. "मला काय करायचंय बटण."

पुढच्या सुट्टीला तिनं ठरवलं. हात आपल्यालाही आहेत. बरं पोतं निवडलं, अंगणात बसून दिवसभर खपली, आणि पोरीसाठी एक पिशवी शिवली. दुहेरी कापड, दुहेरी शिवण, चारी कोपऱ्यांना आपली गाठ. पिशवी अशी झाली की उभी ठेवली तर उभीच राहायची. भिंगरीनं ती हातात घेतली, काखेला लावली, मग जरा काख खाजवली.

"छान आहे," ती म्हणाली. नऊ वर्षांची पोर, पण आवाज अगदी मोठ्या माणसानं दुसऱ्याचं मन राखावं तसा.

दोन दिवस तिनं ती नेली. तिसऱ्या दिवशी थोरलीला पिशवी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सापडली. तिच्यात बटाटे होते.

"आई, टोचते गं ती," भिंगरी म्हणाली. "पण किती घट्ट आहे! बटाटे मस्त राहतात."

म्हातारी हसली. धाकटी हसली नाही, तिनं मान खाली घातली, आणि थोरलीला ते हसण्यापेक्षा जास्त झोंबलं. हसली असती तर निदान भांडता आलं असतं.

त्याच आठवड्यात शाळेतून निरोप आला. पुढच्या शनिवारी 'टाकाऊतून टिकाऊ' प्रदर्शन आहे. प्रत्येक मुलानं घरच्यांच्या मदतीनं, घरातल्या टाकून द्यायच्या वस्तूंतून एक तरी वस्तू करून आणायची. भिंगरी धावत आली ती हात-पाय न धुता काकूच्या मांडीवर जाऊन कोसळली.

"काकू, आपण काय करायचं?"

थोरली पलीकडे चुलीशी बसली होती. "मला नाही विचारलंस?"

"तू दमतेस ना आई."

काय चूक होतं त्यात? काहीच नाही. रोज ती दमूनच येत होती. पण पोरीनं ते इतक्या सहज म्हटलं, इतक्या लवकर, की त्यावर बोलायला जागाच उरली नाही.

झोका करायचा ठरला. शाळेच्या बालवर्गातल्या लहानग्यांसाठी, खुर्चीसारखा, दोरीनं टांगायचा. आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. बारदानाचे दोन तुकडे बसायच्या जागेखाली मधोमध जोडले, उसवलेल्या पोत्यांची सुतळी वळून वळून दोर केले, कडेनं रंगीत चिंध्यांची फुलं लावली. काकू-पुतणी जमिनीवर समोरासमोर बसायच्या, दोराचं एक टोक एकीच्या पायाच्या अंगठ्याला, दुसरं दुसरीच्या हातात. वळताना दोघी मिळून काही तरी पुटपुटायच्या आणि खिदळायच्या. थोरली आली की खिदळणं थांबायचं असं नव्हे. ते चालूच राहायचं, आणि त्याचंच तिला जास्त लागायचं.

"शिवण कच्ची आहे," ती एकदा उभ्या उभ्या म्हणाली. "पोत्याला एवढा बारीक टाका चालत नाही."

"तुम्ही घालता का, जाऊबाई?" धाकटीनं लगेच दाभण पुढे केलं. "खालची शिवण तुम्हीच घाला ना. तुमच्यासारखी गाठ मला येत नाही."

घ्यायचं की नाही दाभण? पण नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. "मला गोदामात पुरे होतं," थोरली म्हणाली आणि भांडी घासायला गेली. भांड्यांचा आवाज त्या दिवशी चार घरं ऐकू गेला.

गुरुवारी भिंगरी अंगणात पळता पळता पडली. गुडघा चांगला सोलला. थोरली तेव्हा नुकती येऊन दारात टेकली होती. पोर रडत रडत तिच्याच दिशेनं आली, तिनं दोन्ही हात पुढे केले, आणि पोर त्या हातांच्या बाजूनं निघून आत गेली. "काकू!" आतून आवाज आला. "काकू, बघ ना!"

थोरलीचे हात काही वेळ तसेच पुढे राहिले. मग तिनं ते मांडीवर ठेवले. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. तिची गेली नाही, पोटातच बसली.

शुक्रवारी गोदामात पोतीच नव्हती. मुकादमानं दुपारीच घरी धाडलं. थोरली आली तर घरात सामसूम. म्हातारी उशीला टेकून पेंगत होती. धाकटी आणि भिंगरी कपडे घेऊन पाण्यावर गेल्या होत्या. आणि झोका तयार होऊन खुंटीला टांगला होता, फुलं लावलेला, अगदी नवरीसारखा.

तिनं तो खाली काढला. नुसता बघायला म्हणून काढला, हे ती स्वतःशी दोनदा म्हणाली. उलटा केला. खालची शिवण धाकटीचीच होती, बारीक, सरळ, एकसारखी. भिंतीवरच्या कप्प्यातून तिनं कात्री घेतली. कात्रीसुद्धा हाताला लागेल अशीच ठेवलेली होती.

उद्या टेबलावर मांडतील, बाई उचलून बघतील आणि शिवण उकलेल, एवढंच तिच्या मनात होतं. कुणी पडणार नाही, कुणाचं काही जाणार नाही. फक्त सगळ्यांसमोर कळेल की नुसती फुलं लावून काही होत नाही. चार बायका हसतील. भिंगरी हिरमुसेल आणि कुणाकडे येईल? येईल तेव्हा बघू.

एक टाका कापला. मग दुसरा. मधोमध वीतभर शिवण तिनं कापत नेली. बाहेर बादलीचा आवाज झाला, भिंगरीचा आवाज झाला. थोरलीनं घाईघाईनं झोका सरळ केला. पण सरळ करण्याआधी तिच्या बोटांनी आपलं काम करून टाकलं होतं. जुनी शिवण काढली की आधी दोन्ही टोकं बांधायची, मग पुढचं, हे ती बारा वर्षं दिवसातून शंभर वेळा करत आली होती. इकडे दोन वेढे, टोक आत, दातात धरून ओढ. तिकडे दोन वेढे, टोक आत, दातात धरून ओढ. मन दाराकडे होतं, कान अंगणात होते. हात काय करतायत याकडे लक्ष द्यायला तिथं होतं कोण?

"आई, तू आज लवकर?" भिंगरीनं विचारलं.

"काम नव्हतं."

"झोका बघितलास?"

"बघितला," थोरली म्हणाली. जिभेवर सुतळीचा एक तंतू राहिला होता. तो तिनं थुंकून टाकला.

शनिवारी मुकादमाला सांगून ती थेट गोदामातून शाळेत गेली. पटांगणात लांब टेबलं मांडली होती. बाटल्यांच्या कुंड्या, खोक्यांची घरं, मोज्यांच्या बाहुल्या. गर्दी बरीच. थोरली सगळ्यांत मागे उभी राहिली, अंगावर गोदामाची धूळ तशीच. पुढे धाकटी उभी होती, तिच्या हाताला भिंगरी. पण टेबलावर झोका कुठंच दिसेना.

मग शाळेच्या बाई म्हणाल्या, "आणि हा झोका! हा टेबलावर काय ठेवायचा, हा टांगूनच बघू या!" तेव्हा तिचं लक्ष पटांगणाच्या कडेला गेलं. झाडाच्या आडव्या फांदीला झोका लटकत होता. खाली झाडाभोवती विटांची कड होती, विटा उभ्या तिरक्या रोवलेल्या, दात काढून बसल्यासारख्या.

"कोण बसतंय?" बाईंनी विचारलं.

"मी!" भिंगरी म्हणाली. "आधी मी बसून दाखवते, मग बालवर्ग."

 एक शब्द. 'थांब' एवढा एकच शब्द बोलायचा होता. पण पुढचं सगळं तिला एका क्षणात दिसलं. का थांब? तुला काय माहीत? तुला कसं माहीत? धाकटी वळून बघेल, बाई बघतील, पोर बघेल. तिनं तोंड उघडलं. उघडलं तसंच राहिलं.

ती बोलली नाही. पुढे कितीही काही झालं तरी ही गोष्ट खरीच राहणार होती, की ती तिथं उभी होती आणि बोलली नाही.

भिंगरी झोक्यात बसली. धाकटीनं हलकेच ढकललं. एक झोका गेला. दुसरा गेला, जरा उंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्याला खालून टर्र असा आवाज आला.

थोरली धावली. गर्दीला ढकलत, एकाच्या हातातली बाटलीची कुंडी पाडत धावली. पण ती पोचायच्या आत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. शिवण उकलली ती वीतभरच. भिंगरीचं बूड त्या फटीतून खाली आलं आणि तिथंच अडकलं, पाय वर, डोकं वर, मधला भाग लोंबकळत. सगळं पटांगण खो खो हसलं. भिंगरी स्वतः सगळ्यांत जास्त हसली.

बाईंनी आणि धाकटीनं मिळून तिला उचलून काढलं. "लागलं का गं?"

"नाही. अडकले नुसती." भिंगरीनं झोका उलटा केला आणि वाकून बघायला लागली. "अगं बाई, ही तर आईची गाठ!"

थोरली तिथवर येऊन पोचली होती. तिचा श्वास लागला होता.

"बघा बाई, दोन्हीकडे आहे! दोन वेढे, आणि शेपूट आत. ही फक्त माझ्या आईलाच येते. गोदामात पोतं गच्च भरलं तरी सुटत नाही." पोरीचा चेहरा असा फुलला होता, दप्तर मिळालं त्या दिवशी फुलला नव्हता इतका. "काकू, आईनं गुपचूप बांधून ठेवली! आपली शिवण कच्ची होती ना, म्हणून. म्हणून मी पडले नाही!"

"खरंच की," बाई विटांकडे बघत म्हणाल्या. "ही गाठ नसती तर शिवण सरळ शेवटपर्यंत उसवली असती. कुठं आहे तुझी आई?"

"ही काय!" भिंगरीनं थोरलीचा हात धरला. सगळ्यांसमोर, धुळीनं भरलेला, घट्टा पडलेला हात दोन्ही हातांनी धरला आणि वर केला. "ही माझी आई!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून एक हमाल ओरडला, "अहो, आम्हाला विचारा ती गाठ!" थोरली आयुष्यात पहिल्यांदा टाळ्यांच्या मधोमध उभी होती आणि तिला वाटत होतं, विटांवर आपणच डोकं आपटून घ्यावं.

धाकटी खाली बसली होती. तिनं झोक्याची कड बोटांत घेतली. गाठींच्या मधले तुटके धागे एकेक करून पाहिले. ताणून तुटलेल्या सुतळीचं टोक पिंजतं, हे गोदामात जवळजवळ दोन वर्षं काढलेल्या बाईला सांगावं लागत नाही. ही टोकं पिंजलेली नव्हती, सपाट होती, सगळी एका मापाची. तिनं मान वर करून थोरलीकडे पाहिलं.  मग झोका गुंडाळला, काखेत मारला, आणि म्हणाली, "चला घरी."

रस्ताभर भिंगरी दोघींच्या मध्ये चालली, पण हात आईचा धरून. किती दिवस थोरलीला हेच हवं होतं. आता तो इवलासा हात तिला जड झाला होता.

घरी म्हातारीला पोरीनं तीन वेळा सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "अगो बाई, बळसुद्धा कामाला येतं म्हणायचं." थोरली पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेली. मागोमाग धाकटी आली.

"खालची शिवण घालायला मागितली असतीत तर मी दिली नसती का, जाऊबाई?" ती हळू आवाजात म्हणाली. "दाभण मी स्वतः पुढे केलं होतं."

थोरली बादलीकडे बघत राहिली.

"मला तुमचं घर नको होतं. माझा माणूस लांब, मला मूल नाही, दिवसभर बसून करायचं काय? ती पोर मांडीवर येऊन बसायची, मला बरं वाटायचं. एवढंच."  ती थांबली आणि मग कोरड्या स्वरात म्हणाली, "ती पडली असती, तर मी तुम्हाला सोडलं नसतं. मी कुणाला सांगणार नाही. पण पोर उद्यापासून ही गाठ जगाला दाखवत फिरणार. तिला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

ती आत गेली. थोरली थोड्या वेळानं गेली. ऊन अजून अंगणात होतं, दारातून आत येत होतं. झोका जमिनीवर पसरलेला होता आणि भिंगरी दाभण, सुतळी घेऊन तयार बसली होती.

"आई, फट शिवून टाक. आणि मला शिकव ना तुझी गाठ."

थोरली खाली बसली. पोर सरकून तिच्या गुडघ्याला टेकली, तिच्या हाताकडे डोळे लावून. केसांना कपड्यांच्या साबणाचा वास येत होता. थोरलीनं सुतळी ओवली, पहिला वेढा घेतला आणि सुतळी निसटली. पुन्हा घेतला, पुन्हा निसटली.

"असं काय होतंय?"

"भिंगरे," थोरली म्हणाली. "शिवण उसवली नव्हती. मी कापली होती. काल, तुम्ही पाण्यावर गेलात तेव्हा. कात्रीनं."

पलीकडे धाकटीच्या हातातलं काम थांबलं.

"का?"

"तू सारखी काकूकडे जात होतीस म्हणून."

 पोरीनं फट पाहिली, कापलेली टोकं पाहिली, गाठी पाहिल्या. एकीकडची, मग दुसरीकडची.

"कापलीस, तर मग गाठ कशाला बांधलीस?"

 सवयीनं म्हणावं तर ते खरं होतं. पण तेवढंच पोरीला देऊन भागणार नव्हतं, आणि त्याहून जास्त काही म्हणायचा थोरलीला हक्क नव्हता. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत.

भिंगरी गुडघ्यापासून बाजूला झाली. उठली, चार पावलं गेली आणि काकूजवळ जाऊन बसली, तिला चिकटून. थोरलीला ते पूर्वीइतकंच लागलं, जराही कमी नाही. फक्त आता राग काढायला समोर कुणी नव्हतं. ती झोक्याकडे बघत राहिली.  पेंगणारी म्हातारी डोळे उघडून तिघींकडे आळीपाळीनं बघत होती.

"आई," भिंगरी तिथूनच म्हणाली. आवाज रुसलेला होता. "बांध ना. पण हळू बांध. मला इथून दिसलं पाहिजे."

थोरलीनं सुतळी पुन्हा बोटाभोवती घेतली, झोका दाराच्या उजेडाकडे सरकवला आणि पहिला वेढा हळू घेतला.